तेवीस जणांना धाडलेला निरोप

सुलतानपुरात कापूस वेचणाऱ्या बायांच्या कमरेला जी झोळी दिसायची, ती बहुतेक वेळा सरवरीबीच्या मशीनवर शिवलेली असायची. बाकीचे शिवणारे पोत्याचं कापड दुमडून चार टाके मारून मोकळे होत. सरवरीबी आतून जुन्या लुगड्याचं अस्तर लावायची. पोतं कमरेला घासतं आणि संध्याकाळपर्यंत कातडी सोलून निघते, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. लग्न होऊन देऊळगाव राजाहून ती इथं आली, तेव्हा पहिली तीन वर्षं तिनंही वेचणी केली होती.

बीटीचं बियाणं गावात नवंनवं आलं त्या सालांत तिच्या मशीनला उसंत नव्हती. कपाशीची पऱ्हाटी बोंडांनी वाकायची आणि एकेका घरातून पाच-पाच झोळ्यांची मागणी यायची. दहा-बारा वर्षांत ते दिवस सरले. गुलाबी अळी त्या बियाण्याला भीक घालेनाशी झाली. पूर्वी हंगामात दोन-तीनदा व्हायची ती फवारणी आठवड्या-आठवड्याला होऊ लागली. झोळ्यांचं काम घटलं आणि तिच्या नवऱ्याचं वाढलं. नजीर पाठीवर पंप घेऊन लोकांच्या वावरात औषध मारायचा. त्याचा हात सफाईदार होता, एक ओळ सुटायची नाही. गावातले लोक आधी नजीरला विचारत आणि तो मोकळा नसला तरच दुसऱ्याकडं जात.

२०१७ च्या उन्हाळ्यात त्यांची मुलगी मुबीना सासरहून आली, ती आईसाठी फोन घेऊन. तिच्या घरात नवा आला होता, जुना अम्मीला. काचेचा एक कोपरा तडकलेला होता, पण चालत होता. घरात त्याआधी नजीरचा बटणांचा फोन होता. हिरवं दाबलं की बोलायचं, लाल दाबलं की ठेवायचं, एवढंच सरवरीबीला येत होतं. या नव्याला बटणंच नव्हती. मुबीना परत गेली आणि दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला, तेव्हा सरवरीबीनं काचेवर बोट भलत्याच बाजूला ओढलं आणि तो कटला. तीनदा असं झालं. मुबीनाला वाटलं, अम्मी रागावली आहे. सरवरीबीनं मग फोन कापडाच्या चिंधीत गुंडाळला आणि मशीनच्या खणात, रिळांच्या शेजारी ठेवून दिला.

तिथं तो सुलभाबाईंना दिसला. सुलभाबाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. ब्लाउजची शिवण उसवून घ्यायला आल्या होत्या. कात्री काढायला सरवरीबीनं खण ओढला, तेव्हा आतून फोन वाजत होता आणि ती त्याच्याकडं नुसती पाहत उभी राहिली.

"सरवरीबी, उचला की."

"कटून जाते बाई. भलतंच दाबल्या जाते."

"भलतं दाबलं गेलं तर मागे यायचं. फोन काही फुटत नाही. आणा इकडे."

त्या दिवसापासून दुपारची नमाज झाली की सुलभाबाई येऊ लागल्या. त्यांनाही घरी बसून करमत नव्हतं. आधी फोन उचलायला शिकवलं, मग नाव साठवायला. मग बॅटरीचा दिवा. त्यावर सरवरीबी फार खूश झाली, कारण सुईत दोरा ओवायला तो कामाचा होता. चार्जिंगला लावलेला असताना कानाला लावायचा नाही. रात्रभर उशीखाली चार्जिंगला ठेवायचा नाही. काचेवर बोटानं एक वाकडी रेघ ओढल्याशिवाय उघडणार नाही, असं कुलूप लावायचं आणि ती रेघ शेजारणीला दाखवायची नाही.

"आता सांगा," सुलभाबाई शाळेतल्यासारखं विचारायच्या. "कुणी फोन केला, म्हणाला बँकेतून बोलतोय, तुमच्या फोनवर एक आकडा आलाय तो सांगा. काय कराल?"

"ठेवून देईन."

"आणि तो रागावला तर?"

"रागाऊ द्या. तो काय माह्या घरचा हाय?"

अडचण एकच होती. फोनमधलं सगळं इंग्रजीत. सुलभाबाईंनी ते मराठीत करून दिलं, पण सरवरीबी मराठी अक्षर लावून लावून वाचायची. एक ओळ पूर्ण होईतो काच काळी पडायची. अशाच एका दुपारी सुलभाबाई भाषांची लांब यादी वर-खाली सरकवत होत्या, तेव्हा सरवरीबीनं त्यांचा हात धरला.

"थांबा बाई. हे माहे अक्षरं आहेत."

यादीच्या खालच्या टोकाला उर्दू होती. सरवरीबी देऊळगावात उर्दू शाळेत पाचवीपर्यंत शिकली होती. त्यानंतर कुराणाखेरीज आणि निकाहाच्या पत्रिकांखेरीज तिनं वाचलं नव्हतं. सुलभाबाईंनी ओळीवर बोट ठेवलं आणि सगळी काच फिरली. घड्याळ या बाजूचं त्या बाजूला गेलं, मागे जायचा बाण उलटा झाला, डावीकडच्या खुणा उजवीकडं येऊन बसल्या. सरवरीबीनं फोन हातात घेतला आणि भराभर वाचायला लागली. आवाज. तस्वीरें. नया पैग़ाम. रवाना करें.

सुलभाबाई कानकोंड्या झाल्या. मघापर्यंत त्या शिकवत होत्या. आता त्यांना त्यातलं एक अक्षर कळेना.

"हे काय लिहिलंय?" त्यांनी एका खुणेवर बोट ठेवून विचारलं.

"पुसून टाका, असं हाय," सरवरीबी म्हणाली. आणि मग, बाईंना वाईट वाटू नये म्हणून, "तुमच्या हातून काही दाबल्या गेलं तं मागं येता येते."

दोघी हसल्या. त्या दिवसापासून मात्र सरवरीबीला कुणी धरू शकलं नाही. पोळ्यापर्यंत ती फोटो काढू लागली, आवाज भरून निरोप धाडू लागली. ज्यांच्या झोळ्या शिवल्या होत्या अशा बायांची नावं तिनं साठवली. झोळी तयार झाली की तिचा फोटो जायचा. व्हॉट्सअ‍ॅपवर तिची तेवीस माणसं झाली.

सप्टेंबरात तिला एक निरोप आला. वेचणीवाल्या एका बाईनं पुढं ढकललेला होता. त्यात एक पुरुष सावकाश, समजुतीच्या आवाजात बोलत होता. फवारणीची बाधा झाली तर घाबरू नका, म्हणत होता. दवाखान्यात धावायची गरज नाही, रोग्याला लगेच गायीचं दूध आणि दोन चमचे तूप पाजा, विष उतरतं. मी डॉक्टर आहे. हे पुढे पाठवा, एखादा जीव वाचेल.

त्या महिन्यात गावोगावी फवारणीवाले आजारी पडत असल्याचं ऐकू येत होतं. आपल्याच घरातला माणूस हे काम करतो. सरवरीबीनं तो निरोप दोनदा ऐकला आणि एका दमात तेवीसही जणांना धाडला. आपल्या हातून काहीतरी पुण्याचं झालं, असं वाटून ती दिवसभर चांगल्या मनानं मशीनवर बसली.

दुसऱ्या दिवशी तिनं तो सुलभाबाईंना मोठ्या आवाजात लावून दाखवला. बाई शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.

"हा कोण आहे?"

"डाक्टर हाय."

"कुठल्या गावचा? नाव काय त्याचं?"

सरवरीबीनं काचेवर पुन्हा पाहिलं. तिथं फक्त धाडणाऱ्या बाईचं नाव होतं.

"मला खरं-खोटं ठाऊक नाही," सुलभाबाई म्हणाल्या. "मी काही डॉक्टर नाही. पण दारात अनोळखी माणूस आला आणि म्हणाला हे औषध घ्या, तर आपण आधी विचारतो ना, बाबा तू कोण, कुठून आलास? याला तुम्ही काहीच विचारलं नाही आणि तेवीस घरांत नेऊन सोडलं."

"आता परत घेता येईन काय?"

"गेलेलं येत नाही परत. फार तर दुसरा निरोप धाडायचा."

सरवरीबीला ते लागलं. बरं करायला गेले आणि बोलणी खाल्ली, असं तिला वाटलं. दुसरा निरोप तिनं धाडला नाही. काय म्हणून धाडायचा? चार दिवस ती बाईंशी कामापुरतंच बोलली.

महिना सरता सरता अर्जुनरावांच्या नाल्याकाठच्या वावरात फवारणी होती. पऱ्हाटी त्या साली डोक्याच्या वर गेली होती. आत शिरलं की वारा नाही आणि पंपातून निघालेला फवारा पानांवरून पुन्हा अंगावर येतो. नजीर सकाळी तोंडाला रुमाल बांधून गेला. तो दुपारी दोनच्या सुमारास, कामाच्या मध्येच, चालत घरी आला आणि उंबऱ्यावर बसला. सदरा पिळून काढावा इतका ओला होता. तोंडातून लाळ गळत होती आणि ती पुसायचं त्याच्या ध्यानात नव्हतं.

"मुबीनाची अम्मी," तो म्हणाला, "मले तू धूसर दिसून राह्यली."

त्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या तिनं पाहिल्या. दंडाची चामडी आपोआप थरथरत होती. सरवरीबीनं हाक मारली, शेजारची अंबूबाई धावत आली, एक नजर टाकली आणि तशीच माघारी पळाली. परत आली ती हातात दुधाचा पेला घेऊन, वर तूप तरंगत असलेला.

"पाज त्याहिले. लवकर पाज."

सरवरीबीनं पेला घेतलाही होता. नजीरच्या ओठांपर्यंत नेलाही होता. पण त्याला आपली लाळ गिळता येत नव्हती. याला घोट कसा गिळता येईल, असं तिच्या मनात आलं आणि हात थांबला.

"काऊन थांबली?" अंबूबाई म्हणाली. "तूच तं धाडलं होतं मले."

सरवरीबीनं पेला खाली ठेवला. मशीनच्या खणातून फोन काढला आणि एकशे आठ लावला. पलीकडून एक बाई बोलली. गाव विचारलं, खूण विचारली. सरवरीबीनं मशीद सांगितली, मशिदीमागची पिठाची गिरणी सांगितली. मग तिनं विचारलं, "दूध देऊ काय त्याहिले?"

"तोंडातून काही देऊ नका. अंगावरचे कपडे काढा, साबण-पाण्यानं अंग, केस, हात सगळं धुवा. धुणाऱ्यानं हाताला पिशवी बांधावी. कुशीवर झोपवा. आणि औषधाचा डबा सोबत घ्या, डॉक्टर विचारतील."

दोघींनी मिळून अंगणातच त्याला धुतलं. अंबूबाई एरवी नजीरसमोर पदर सावरून उभी राहायची. त्या दिवशी तीच बादल्या ओतत होती. डबा मात्र घरात नव्हता. तो अर्जुनरावांच्या विहिरीवर होता, कोसभर लांब. सरवरीबीनं अर्जुनरावांना फोन लावला.

"भाऊ, कोनतं औषध दिलतं आज?"

"दोन मिसळली होती ना. नावं काही ध्यानात नाहीत, दुकानदारानं दिली तशी दिली. काऊन? नजीरभाऊ जेवायले आले नं घरी?"

तिनं सांगितलं.

"मी डबे घेऊन येतो. गाडी पोरगा घेऊन गेला, पायी येतो."

"पायी येऊ नोका, तोवर गाडी येऊन निघून जाईन. फोटो काढून धाडा."

"मले फोटो धाडता येत नाही वो, सरवरीबी. मी नुसता पाहतो."

सरवरीबीनं डोळे मिटले. आपल्या फोनची काच तिनं मनात समोर आणली आणि ती उलटी केली. "माह्या नावावर बोट ठेवा. खाली लिवाची जागा हाय. तिथं कॅमेऱ्याची बारकी खूण असते. माह्या फोनात ते डाव्या हाताले हाय, तुमच्यात उजव्या हाताले असन. दिसली?"

"हाव, दिसली."

"तिच्यावर बोट ठेवा. डबा सावलीत धरा, चमकू देऊ नोका. अक्षराचा फोटो पायजे, डब्याचा नाही. खाली गोल हाय ते दाबा. मंग बाणावर."

गाडी आली, नजीरला उचलून आत घेतलं, सुलतानपूर मागं पडलं, तेव्हा पहिला फोटो आला. त्यात अर्जुनरावांचा अंगठा होता आणि मागे विहिरीचा कठडा. तिनं पुन्हा फोन लावला. दुसरा आला तो हललेला. तिसऱ्या वेळी तिनं त्यांना डबा जमिनीवर ठेवायला लावलं आणि दोन्ही हातांनी फोन धरायला. दवाखाना होता त्या मेहकरच्या अलीकडं एकामागोमाग दोन स्वच्छ फोटो आले. पुढं दवाखान्याचं दार उघडेपर्यंत ती काच काळी पडू देत नव्हती. दर थोड्या वेळानं बोट लावत होती.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी फोन हातात घेतला आणि उर्दू पाहून क्षणभर गोंधळले. सरवरीबीनंच बोटांनी फोटो मोठा करून दिला. त्यांनी दोन्ही नावं वाचली, नर्सला भराभर काही सांगितलं आणि मग फोन परत देताना म्हणाले, "काही पाजलंत का यांना? दूध, तूप, मिठाचं पाणी?"

"नाही."

"बरं केलंत. श्वासात गेलं असतं. आणि स्निग्ध पदार्थानं काही औषधं आणखी लवकर अंगात भिनतात."

तिनं मान हलवली. पेला ओठांपर्यंत गेला होता, हे तिनं सांगितलं नाही.

नजीर नऊ दिवस दवाखान्यात होता. पहिले दोन दिवस तो कुणालाच ओळखत नव्हता. तिसऱ्या दिवशी त्यानं पाणी मागितलं. अर्जुनराव रोज येऊन पायथ्याशी बसायचे, फार बोलायचे नाहीत. एकदा एवढंच म्हणाले, "मी त्याहिले विचारलंच नाही, हातमोजे हायेत का म्हणून." नजीरनं हात हलवून ते बोलणं तिथंच सोडून दिलं.

सरवरीबी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून असायची. इतके दिवस मशीनशिवाय ती कधी बसली नव्हती. पाचव्या दिवशी शेजारच्या खाटेवर फवारणीचाच आणखी एक माणूस आला. त्याच्या बायकोनं डॉक्टरांना सांगितलं, आम्ही लगेच दूध पाजलं, फोनवर ऐकलं होतं. कुठल्या लांबच्या गावची होती ती. सरवरीबी तिला ओळखत नव्हती. तो निरोप आपल्याच तेविसांपैकी कुणाकडून फिरत तिच्यापर्यंत गेला की दुसरीकडून आला, हे कळायला काही वाट नव्हती. फोनमध्ये आपण कुणाकुणाला धाडलं ते दिसतं. त्यांनी पुढं कुणाला धाडलं ते दिसत नाही. ती त्या बाईजवळ जाऊन बसली. तिच्या नवऱ्याला बरं वाटेपर्यंत रोज बसत राहिली, पण त्याविषयी तिच्याशी बोलायचा धीर तिला झाला नाही.

सुलभाबाई एका दुपारी बसनं आल्या. डब्यात खिचडी होती. मागचं काही त्यांनी काढलं नाही. सरवरीबीनंच फोन पुढं केला.

"बाई, दुसरा निरोप धाडाचा हाय. काय बोलू?"

"जे झालं ते बोला. तुमच्या शब्दांत. आणि आधी डॉक्टरांना विचारून घ्या, बरोबर आहे ना म्हणून."

तिनं डॉक्टरांना विचारलं. मग व्हरांड्याच्या टोकाला जाऊन, भिंतीकडं तोंड करून, फोन तोंडाजवळ धरला.

"मी सरवरी, सुलतानपूरची, नजीरची बायको. झोळ्या शिवनारी. मागं मी तुमाले दूध-तुपाचा निरोप धाडला होता. तो चुकीचा होता. मी त्या मानसाले ओळखत नव्हती, तरी धाडला. आता माह्याच घरात बाधा झाली. आम्ही मेहकरले सरकारी दवाखान्यात हाव. इथल्या डाक्टरले विचारून सांगून राह्यली. तोंडातून काही देऊ नोका. कपडे काढा, साबनानं धुवा, एकशे आठ लावा. डब्यावरच्या अक्षराचा फोटो काढून ठेवा. आनि मी धाडलेला तो पह्यला निरोप तुमी ज्याले धाडला असन, त्याहिले हा बी धाडा."

आवाज दोनदा अडकला. सुलभाबाई म्हणाल्या, पुन्हा भरता येईल. ती म्हणाली, राहू द्या.

तेवीस जणांकडं तो गेला. कुणाचं लगेच उत्तर आलं, कुणी नुसतं ऐकलं. वेचणीवाल्या एका बाईनं राग धरला, आम्हाला खोटं का सांगितलं म्हणाली. अंबूबाईच्या भावानं कळवलं की त्यानं पहिला निरोप पुढं अकरा जणांना दिला होता. त्याला सरवरीबीनं दोनदा फोन केला आणि अकराही नावं त्याच्याकडून वदवून घेतली. बावीस जणांच्या निरोपाखाली पोचल्याच्या दोन-दोन खुणा उमटल्या. एका ठिकाणी एकच खूण राहिली. वच्छलाबाई. तिचा मुलगाही फवारणीला जायचा.

नजीर घरी आला. डोळ्यांना बरेच दिवस धुरकट दिसत राहिलं. पंप त्यानं पुन्हा पाठीवर घेतला नाही. गिरणीवर दळणाची पोती चढवायचं काम धरलं. मुबीना येऊन आठवडाभर राहिली. ती गेल्यावर सरवरीबीनं फोन उघडून पाहिला, तर वच्छलाबाईच्या नावाखाली अजून एकच खूण होती. फोन लावला की बंद आहे, एवढंच ऐकू यायचं.

एका सकाळी तिनं मशीनवर कापड टाकलं, अंबूबाईला सांगितलं आणि चालत निघाली. वच्छलाबाई गावापासून दीड कोसावर, वावरातच राहायची. पऱ्हाटीत बोंडं उभी होती, पण किडलेली, अर्धवट उघडलेली. वेचायला फारसं कुणी दिसत नव्हतं. वच्छलाबाई दारात तूर निवडत बसली होती. तिनं सरवरीबीला पाणी दिलं आणि नजीरची चौकशी केली.

"मी तुले फोनवर एक गोष्ट धाडली होती वच्छला. मंग दुसरी धाडली."

"मले एकबी नाही आली," वच्छलाबाई म्हणाली. "फोन माहा पोळ्याच्या दिवशी हौदात पडला. तवापासून मेलेला हाय."

सरवरीबीला हसू फुटलं, आणि वच्छलाबाईला का ते कळेना तरी तीही हसली. सरवरीबीला तिथूनच माघारी जाता आलं असतं. ती खाली बसली, तुरीचं सूप आपल्याकडं ओढलं आणि खडे वेचता वेचता सगळं पहिल्यापासून सांगितलं, दुधाच्या पेल्यासकट.

"अन् एकशे आठ कशावरून लावू?" वच्छलाबाईनं विचारलं. "फोन तं नाही."

हे सरवरीबीच्या ध्यानात आलं नव्हतं. दोघींनी मग आजूबाजूची वावरं आठवून पाहिली. पलीकडच्या बांधावर भगवानराव राखणीला असायचे, त्यांच्याकडं फोन होता, आणि ते दुपारी घरी जात नसत. त्यांना आजच सांगून ठेवायचं ठरलं.

"आता तू सांग," सरवरीबी म्हणाली. "पोरगा आला, लाळ गळून राह्यली. काय करशीन?"

"धुवीन."

"त्याच्या आधी?"

वच्छलाबाई अडखळली. सरवरीबीनं वाट पाहिली, उत्तर तोंडात घातलं नाही. दुसऱ्या खेपेला वच्छलाबाईनं सगळं बरोबर सांगितलं: आधी भगवानरावांना हाक, तोंडात काही नाही, मग कपडे काढून धुणं. मग दोघी उठल्या आणि भगवानरावांच्या बांधाकडं चालू लागल्या.